कांदा, माग आणि मत

२०२४ साली नाशिक जिल्ह्याने लोकसभेसाठी मतदान केले ते २० मे रोजी आणि विधानसभेसाठी बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला. शाळांच्या त्याच खोल्या, बोटाला तीच शाई आणि रांगेत बहुतांशी तीच माणसे. निकाल मात्र असे, की ते दोन निरनिराळ्या जिल्ह्यांचे आहेत असे कोणी सांगितले असते तरी पटावे. मे महिन्यात दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांना भास्कर भगरे या शिक्षकाने १ लाख १३ हजारांच्या फरकाने हरवले. नाशिकची जागाही महायुतीच्या हातून गेली. नोव्हेंबरात त्याच जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या आणि दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडणारे सहाही विधानसभा मतदारसंघ त्या चौदांत आले. पंधरावी जागा मालेगाव मध्यची. तिच्याकडे पुढे येणारच आहे.

राज्यातही तेच घडले. लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला. मतांतला फरक मात्र जेमतेम एका टक्क्याच्याही आतला. विधानसभेत महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २३० जागा घेतल्या आणि आघाडीतले तीन पक्ष मिळून ४६ वर थांबले. मधल्या काळात मतदारयाद्यांत पडलेल्या भरीवर विरोधकांनी आक्षेप घेतले आणि निवडणूक आयोगाने ते फेटाळले. तो वाद मोठा आहे व त्याच्या जागी महत्त्वाचाही आहे. इथे तो बाजूला ठेवतो, कारण मला कुतूहल आहे ते रांगेत खरोखर उभ्या असलेल्या माणसाचे. तो शेतकरी आहे, अमुक धर्माचा आहे, वर्षाला इतके कमावतो. यातले सहा महिन्यांत काहीच बदलले नाही. मग बदलले काय?

मतदार कसा ठरवतो, याचा शास्त्रशुद्ध म्हणावा असा अभ्यास पहिल्यांदा झाला तो अमेरिकेत. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी परगण्यातल्या मतदारांच्या महिनोन् महिने पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. निष्कर्ष असा निघाला, की माणसाची सांपत्तिक स्थिती, धर्मपंथ आणि तो शहरात राहतो की खेड्यात, एवढे कळले तरी त्याच्या मताचा बराचसा अंदाज बांधता येतो. प्रचारसभा, वृत्तपत्रे आणि रेडिओ यांचा प्रभाव समजला जातो त्यापेक्षा कमीच. आपल्याकडे हीच पद्धत आली आणि तिच्यात जातीची भर पडली. निवडणूक जवळ आली की आपल्या गावोगावचे पुढारी एरी परगण्याचे नावही न ऐकता तेच गणित मांडतात : इतके मराठा, इतके माळी, इतके मुसलमान, वजा बंडखोर.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे. माणूस एका वेळी एकच काहीतरी असतो, हे ते गृहीत. निफाडचा कांदेवाला कांदेवालाच असतो का? तो कोणाचा तरी नवरा असतो, हिंदू असतो, बँकेचा थकबाकीदार असतो, आणि मुलाला नोकरी लागत नाही म्हणून रात्री जागा राहणारा बापही असतो. या साऱ्यांतून मतदानाच्या दिवशी कोण बोलणार, हे त्याच्या एकट्याच्या हातात नसते. त्याला प्रश्न कोणी, काय म्हणून विचारला यावर ते पुष्कळसे ठरते.

आधी कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यात पुरती बंद केली. हा काळ लाल कांद्याचा. उन्हाळ कांदा चाळीत भरून चार-सहा महिने थांबता येते, लाल कांद्याला ती सोय नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडू द्यायचा. काही आठवड्यांत दर निम्म्यावर आले. बंदी मार्चअखेर उठेल या आशेवर लोक होते, ती पुढे चालू राहिली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातमधल्या पांढऱ्या कांद्याला तेवढी दोन हजार टनांची परवानगी मिळाली आणि नाशिककरांच्या जखमेवर मीठ चोळले गेले. बंदी उठली ४ मे रोजी, मतदानाला सोळा दिवस असताना, आणि तीही किमान निर्यात मूल्य व ४० टक्के शुल्क कायम ठेवून. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एका तरुणाने मधूनच ‘कांद्यावर बोला’ असा आवाज दिला, तो साऱ्या जिल्ह्याचा होता.

मी त्या दिवसांत निफाड, चांदवड, मालेगाव या पट्ट्यात फिरत होतो. लासलगावच्या बाजार आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, ‘भाऊ, पाऊस पडला नाही तर आम्ही देवाला बोल लावतो. भाव पडला तर व्यापाऱ्याला. या वेळी मात्र कागदावर सही कोणाची, ते आम्हाला ठाऊक आहे.’

व्यवसायाचे मत कसे तयार होते ते मला या वाक्यात सापडले. शेतीत नुकसान नेहमीचे. त्याचे मत होत नाही, कारण दोष कोणाचा ते सांगता येत नाही. हजारो माणसांचे पीक एक, बाजार एक, आणि त्यांचे नुकसान करणारा हुकूम एका तारखेचा, एका सहीचा असला, म्हणजेच व्यवसाय मतपेटीपर्यंत पोहोचतो. त्यातून कांद्याची गोष्ट आणखी निराळी. दिल्लीच्या राज्यकर्त्यांना कांदा पिकवणाऱ्यापेक्षा कांदा खाणाऱ्याची भीती जास्त वाटते, आणि तिला इतिहास आहे. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्ली विधानसभा भाजपने गमावली, तेव्हा कांद्याचे भडकलेले दर हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. दिल्लीची गृहिणी मत देताना मिळकतीचा विचार करते, तसाच निफाडचा शेतकरीही करतो. कांद्याचा भाव ही एकाची मिळकत आणि दुसरीचा खर्च, एवढाच काय तो फरक. सरकारला दोघांपैकी एकाला दुखवावे लागते आणि ते बहुधा संख्येने कमी असलेल्याला दुखवते.

आता नोव्हेंबर. सप्टेंबरात केंद्राने किमान निर्यात मूल्य काढून टाकले आणि शुल्क अर्ध्यावर, २० टक्क्यांवर आणले. मतदानाच्या सुमारास लासलगावचा दर क्विंटलला चार हजारांच्या पुढे होता. चाळीतला कांदा बऱ्याच जणांनी आधीच विकलेला होता हे खरे, पण मे महिन्यातली आग तेवढी राहिली नव्हती. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली होती. कांदेवाला तोच होता. त्याच्यातला कांदेवाला तेवढा शांत झाला होता, आणि तो गप्प बसला की बाकीचे बोलू लागतात.

व्यवसायाच्या मताचे हे दुबळेपण जुनेच आहे. शरद जोशींनी १९८० मध्ये याच जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते अडवले, तेव्हा लाखभर माणूस रस्त्यावर आला. पुढे त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. आंदोलनाला येणारी ती माणसे मतदानाला त्या प्रमाणात काही आली नाहीत. गिरणगावात याहून नाट्यमय घडले. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरणी कामगार त्या दिवशी मराठी म्हणून मतदान करून आला होता. त्याच कामगारांच्या मुंबईने १९८४ च्या अखेरीस, देशभर काँग्रेसची लाट असताना, डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवले. १९८२ चा संप मोडल्यात जमा होता, पण जखम ओली होती. गिरण्या गेल्या आणि कामगार म्हणून मत द्यायला कामगारच उरला नाही.

मग नोव्हेंबरात बोलले कोण? सरळ उत्तर आहे, बाई बोलली. जून २०२४ अखेरच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, महिना १५०० रुपये. आचारसंहिता लागायच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये, दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांत पडले होते. पैशाने मते घेतली, असे शहरातल्या दिवाणखान्यांतून म्हटले गेले. मला ते अपुरे वाटते. महाविकास आघाडीने तर ३००० चे आश्वासन दिले होते. आकडाच मोठा ठरायचा असता तर दुप्पट बोली लावणारा जिंकला असता.

आपण उत्पन्न आणि मत यांचा संबंध लावतो तेव्हा मोजतो ते कुटुंबाचे उत्पन्न. ते उत्पन्न कोणाच्या खिशात असते? कांद्याची पट्टी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने निघते. खुरपणी, कापणी, प्रतवारी बायकोने केलेली असते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या खात्यात, कोणाकडे न मागता, दरमहा ठरलेली रक्कम आली, तेव्हा एका घरात दोन उत्पन्नगट तयार झाले. चांदवड तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका बाईंना विचारले, की घरातले सगळे एकाच चिन्हावर मत देणार का? त्यांनी आधी आत पाहिले, मग म्हणाल्या, ‘यांचं हे जाणोत, दादा. माझा निरोप मला आलाय.’ निरोप म्हणजे मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश.

आकडेही पाहण्यासारखे आहेत. २०१९ च्या विधानसभेला पुरुषांच्या मतदानाची टक्केवारी बायकांपेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी जास्त होती, ती तफावत २०२४ मध्ये पावणेदोनच्या आत आली. निकालानंतरचा इतिहास मात्र थोडा कडू आहे. प्रचारात २१०० रुपयांचे वचन दिले गेले, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद नव्हती आणि निवडणुकीआधी सढळ हाताने मंजूर झालेल्या अर्जांची छाननी सुरू झाली.

उत्पन्नाविषयी जाता जाता एक. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत गरीब माणूस मतदानाला कमी जातो. आपल्याकडे उलटे. त्या नोव्हेंबरात कुलाब्यात मतदान ४५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळले आणि कोल्हापूरच्या करवीर, कागलमध्ये ८० च्या पुढे गेले. ज्याचे काम सरकारवाचून अडत नाही, तो रांगेत उभा राहत नाही.

आता मालेगाव. धुळे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मे २०२४ मध्ये भाजपचे डॉ. सुभाष भामरे त्यांपैकी पाचांत आघाडीवर होते. सहाव्याने, मालेगाव मध्यने, काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९८ हजार मते दिली आणि भामरे यांना साडेचार हजारांच्या आसपास. बच्छाव ३८३१ मतांनी निवडून आल्या. पुढच्या प्रचारात ‘व्होट जिहाद’ या शब्दासाठी हेच उदाहरण पुन्हा पुन्हा दिले गेले. ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ या घोषणा आल्या. पलीकडे एवढा गठ्ठा आहे, मग आपणही गठ्ठा व्हायला हवे, असे ते तर्कशास्त्र.

सहा महिन्यांनी त्या गठ्ठ्याचे काय झाले? मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल जिंकले ते १६२ मतांनी. हरले ते आसिफ शेख, ज्यांनी नव्याने काढलेल्या पक्षाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘इस्लाम’ होते. दोघांना प्रत्येकी १ लाख ९ हजारांच्या घरात मते पडली. मे महिन्यात पावणेदोन लाखांहून जास्त मते घेणाऱ्या काँग्रेसला दहा हजारही गाठता आली नाहीत. धर्म तोच, मोहल्ले तेच. मे महिन्यात मतदार मुसलमान म्हणून धास्तावलेला होता आणि एकवटला. नोव्हेंबरात दोन्ही उमेदवार मुसलमान असल्याने धर्माने काहीच ठरत नव्हते, तेव्हा मत बरोबर मधोमध चिरले गेले. धर्माच्या नावावर माणसे एकत्र येतात ती बहुतेक वेळा भीतीने, आणि मग त्या एकवटण्याचा दाखला देऊन पलीकडच्यांना भीती घातली जाते.

मला खटकते ते याच्या पुढचे. मालेगाव हे मागाचे गाव. एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी ते उभे केले. आज लाखांच्या संख्येने यंत्रमाग तिथे खडखडतात. माणसे बारा-बारा तासांची पाळी करतात, मजुरी मीटरवर, सूत महागले की सांचे बंद, विजेचे बिल वाढले की पुन्हा बंद. निफाडच्या शेतकऱ्याइतकाच हा विणकर बाजाराच्या आणि सरकारी कागदाच्या हातात आहे. मग कांदेवाल्याचे जसे मत झाले, तसे सांचेवाल्याचे का होत नाही? एके काळी होत असे. निहाल अहमद हे समाजवादी पुढारी १९७८ पासून १९९९ पर्यंत इथून सलग निवडून येत होते आणि त्यांच्या राजकारणात मोहल्ल्याइतकाच मागही होता. अलीकडच्या प्रचारसभांत मी जी भाषणे ऐकली, त्यांत मशिदी होत्या, कायदे होते, दंगली आणि बॉम्बस्फोटांचे खटले होते. त्यांत खोटे काही नव्हते. सुताचा भाव मात्र नव्हता. हाच माग इचलकरंजीतही आहे. तिथे तो राजकारणाच्या मध्यभागी असतो. सहकारी सूतगिरण्यांतून पुढारी घडतात आणि वीजदर सवलतीवर आमदार मुंबईत धरणे धरतात. सांचा एकच. फरक असा, की इचलकरंजीच्या विणकराला मत मागायला येणारा माणूस विणकर समजून येतो.

याची कारणे पुष्कळ सांगता येतील. त्यातले एक फारसे कोणी बोलत नाही, म्हणून इथे सांगतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा झाला. तो ‘नमुना २०’ मध्ये छापला जातो आणि निकालानंतर प्रत्येक पक्षाच्या कचेरीत त्याची पारायणे होतात. हजार-बाराशे मतदारांचे एक केंद्र म्हणजे एखादा मोहल्ला, एखादी वाडी, एखादी सोसायटी. आपल्याकडे वस्त्या जातीच्या आणि धर्माच्या असतात, त्यामुळे कोणत्या जातीने काय केले ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. मोमीनपुऱ्यातल्या त्या केंद्रात मालक कोण, मजूर कोण, कर्जात कोण, हे त्या आकड्यात दिसत नाही. राजकारण्याला जे मोजता येते तेच तो जिंकायला किंवा धडा शिकवायला निघतो. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची मते एकत्र करून दाखवणारे ‘टोटलायझर’ हे साधन वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ते मानले नाही. मतदान गुप्त असते, पण ते एकेकट्याचे. वस्तीचे मत उघड्यावर असते.

जातीबद्दल इतका वेळ बोललो नाही, ते मुद्दाम. आपल्याकडे जात आणि व्यवसाय हे मुळात वेगळे शब्दच नव्हते, आणि त्याचा पुरावा याच निवडणुकीने दिला. ‘कुणबी’ म्हणजे कसणारा. निजामाच्या राजवटीतल्या कारकुनाने कोणाच्या नावापुढे धंदा म्हणून लिहिला असेल, कोणाच्या नावापुढे जात म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर मनोज जरांगे यांचे आंदोलन राज्यभर पसरले आणि त्या नोंदी शोधायला सरकारला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. शेतीत उत्पन्न उरले नाही म्हणून नोकरी हवी, नोकरीसाठी आरक्षण हवे, आरक्षणासाठी शंभर वर्षांपूर्वी आजोबा कसत होते याचा कागद हवा! उत्पन्न, व्यवसाय आणि जात यांची अशी एका दाखल्यात मोट बांधलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. मराठवाड्यात मे महिन्यात आठपैकी एकच जागा महायुतीला मिळाली, ती या कागदामुळे आणि सोयाबीन-कापसाच्या भावामुळे. कशामुळे किती, हे कोणीही सांगू नये.

आणि सगळी शास्त्रे बाजूला ठेवणारा एक आकडा, गंमत म्हणून. त्याच दिंडोरीत भगरे हेच आडनाव आणि ‘तुतारी’ हे चिन्ह घेऊन उभ्या असलेल्या एका अपक्षाला १ लाख ३ हजारांहून अधिक मते पडली. खऱ्या भगरेसरांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. या लाखभर मतदारांची मिळकत, धर्म आणि धंदा काय असेल ते असो, त्यांना माणूस दिसला नाही, तुतारी दिसली.

पुन्हा मालेगावकडे. यंत्रमागधारकांचे प्रश्न सोडवण्यासाठी २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने मंत्री दादा भुसे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे २७ अश्वशक्तीपर्यंतच्या मागांना युनिटमागे एक रुपया आणि त्यावरच्यांना पंचाहत्तर पैसे जादा सवलत ठरली. भुसे मालेगाव बाह्यचे आमदार. त्यांचे मतदार बहुतांशी कांदा पिकवणारे, मोसम नदीच्या अलीकडचे, आणि नोव्हेंबरात त्यांनी भुसे यांना लाखाहून मोठे मताधिक्य दिले. माग आहेत ते मुख्यतः नदीच्या पलीकडे, मालेगाव मध्यमध्ये. ज्या विणकरांच्या बिलाचा निर्णय त्या समितीसमोर होता, त्यांतल्या बहुतेकांना तिच्या अध्यक्षाला निवडून द्यायचेही नव्हते आणि पाडायचेही नव्हते. त्यांनी त्या नोव्हेंबरात मुफ्ती इस्माईल की आसिफ शेख, एवढेच ठरवले, १६२ मतांनी.